खिशात आधी दगड

मल्टिटूल, म्हणजे पक्कड, पातं, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं एका मुठीत दुमडलेलं हत्यार, घ्यायचं असेल तर मिशिगनमधल्या नोव्हाय गावातली मराठी माणसं आधी दुकानात जात नसत, काकांच्या बेसमेंटमध्ये जात. दुकानात मल्टिटूल मिळायचं. काकांकडे दगड मिळायचा.

खरोखरचा दगड. मिशिगन लेकच्या काठावरून वेचून आणलेले, पाण्याने गुळगुळीत झालेले राखाडी गोटे त्यांनी बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवले होते. कुणी म्हणालं, "काका, एखादं चांगलं मल्टिटूल सुचवा ना, कॅम्पिंगला जायचंय," की ते डब्यात हात घालायचे, न बघता चाचपून एक गोटा काढायचे आणि त्या माणसाच्या तळहातावर ठेवायचे.

"आठवडाभर खिशात घेऊन फीर. ऑफिस, ग्रोसरी, पोरांचा सॉकर, सगळीकडे. मग ये."

"नाही काका, मी फक्त विचारत होतो की कुठलं मॉडेल—"

"मॉडेलचं वजन एवढंच असतं. हे झेपलं तर तेही झेपेल. नाहीतर ते ड्रॉवरमध्ये पडणार. ड्रॉवरमध्ये पडलं की ते ड्रॉवरचं झालं, तुझं राहिलं नाही."

अर्धी माणसं तिथेच गळायची. दोन दिवसांत गोटा गाडीच्या कपहोल्डरमध्ये जायचा आणि आठवड्याने खिशात घालून, चेहरा सरळ ठेवून, काकांपुढे आणला जायचा. काका त्यांना एकच सांगायचे, "खिशाचं अस्तर बाहेर काढ." आठवडाभर गोटा बाळगलेल्या खिशाला तळाशी एक पोक येतो. तो नसला की काका गोटा परत डब्यात टाकायचे आणि काकूंना वर हाक मारून चहा टाकायला सांगायचे. म्हणजे मुलाखत संपली.

काका मोटारींच्या दारांवर काम करायचे. एका कंपनीत, आयुष्यभर, फक्त दारं. बिजागऱ्या, कड्या, दार लागताना होणारा आवाज. आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांना ते नीट कळायचं नाही. पार्टीला कुणाच्या नव्या गाडीत बसले की ते दार दोनदा लावून बघायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं"चा अर्थ विचारायची कुणाची छाती नव्हती. नव्या गाडीचा आनंद टिकवायचा असेल तर न विचारलेलंच बरं.

गोट्याची परीक्षा पास झालेल्याला दुसरी परीक्षा द्यावी लागे, आणि ती बघायला मी मुद्दाम जाऊन बसायचो. काकांकडे तऱ्हेतऱ्हेची मल्टिटूल्स होती. त्यांतली तीन-चार ते फ्रीझरमध्ये ठेवायचे. मग एका बादलीत बर्फाचं पाणी करून उमेदवाराला दोन्ही हात त्यात बुडवून ठेवायला सांगायचे. बोटं लाल होऊन बधिर झाली की फ्रीझरमधलं एकेक हत्यार टेबलावर ठेवायचे. "आता उघड. आधी पक्कड. मग पातं."

एकदा महाराष्ट्र मंडळातले एक हृदयरोगतज्ज्ञ बसले होते. रोज माणसांच्या रक्तवाहिन्यांत नळ्या सरकवणारे हात, पण पातं काही बाहेर येईना. नख सारखं घसरत होतं.

"काका, हे टू मच होतंय हां. मी हे काय आर्क्टिकला नेणार आहे?"

"डॉक्टर, जानेवारीत रात्री गाडी बंद पडली की तुमचा ड्राइव्हवे आर्क्टिकच. शोरूममध्ये सगळीच उघडतात. तुमचं कुठलं ते बोटं मेल्यावर कळतं."

डॉक्टरांनी रागाने जाऊन वीस-बावीस अवजारांचं एक धूड विकत घेतलं. पुढच्या गणपतीत ते सजावट करताना त्यांनी ऐटीत बाहेर काढलं. काकांनी ते हातावर तोलून बघितलं. त्यात कानस होती, करवत होती, माशाचे खवले काढायचं काहीतरी होतं.

"डॉक्टर, मासे खाता?"

"नाही. आम्ही प्युअर व्हेज."

"हे हत्यार नाही, ही वरात आहे. नवरा कुठला ते शोधेपर्यंत मुहूर्त टळतो." तेवढ्यात काकूंनी किचनमधल्या साध्या कात्रीने माळ कापून मखराला बांधूनही टाकली होती.

काकू म्हणायच्या, "ह्यांच्यावर सून निवडायचं काम सोपवलं असतं ना, तर आमचा पोरगा कॅलिफोर्नियात पन्नाशीपर्यंत दगड घेऊन फिरला असता."

काकांच्या मते जगातलं सगळ्यात उत्तम मल्टिटूल विळी. "चिरते, सोलते, खोवते. शिवाय स्वतः बसायला जागा देते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. पाश्चात्त्यांनी सुरी केली, ती धरण्यात त्यांचा एक हात गेला." त्यांच्या कामाच्या टेबलावर एक जुनी विळी होती. शिसवी पाट, झिजून निमुळतं झालेलं पातं, टोकाला खोवणीची फुली. सगळी अवजारं भिंतीवर टांगलेली, विळी मात्र टेबलावर, कापडाखाली. तिला कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे.

आणि एवढं सगळं करणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या खिशात काय असायचं? गोटा. नुसता गोटा. मल्टिटूल नाही, नेलकटरसुद्धा नाही. कुणाचा डबा उघडत नसला, कुणाच्या चष्म्याचा स्क्रू पडला, की काका शेजाऱ्याकडे हात पसरायचे. "काढ रे तुझं." नव्याने आलेल्या पोरांना याची फार मजा वाटायची. त्यावर पैजा लागायच्या. काकूंनी बंदी घातलीये, काकांनी नवस बोललाय, एकदा बोट कापलं होतं. मला कुणी विचारलं तर मीही खांदे उडवायचो.

मला माहीत होतं. हे सगळं गमतीने सांगता येतं आणि इतकी वर्षं मी ते तसंच सांगत आलो. गमतीमागे उभं राहिलं की माणूस दिसत नाही.

आणखी एक विक्षिप्तपणा सांगायचा राहिला. विमानतळावर कुणाला सोडायचं असलं की काका तयार. पण सोडून ते परत यायचे नाहीत. पार्किंगमध्ये गाडी लावून, मोबाइल डॅशबोर्डवर ठेवून, विमान उडेपर्यंत बसून राहायचे. बर्फ असो, उकाडा असो. "काका, आम्ही गेलो ना आत, जा आता," असं लोक फोन करून सांगायचे. ते म्हणायचे, "उडू दे." लोक हसायचे. मी हसायचो नाही, पण हसण्यात सामील नव्हतो असंही म्हणता येणार नाही.

मी अमेरिकेत आलो तेव्हा पहिलं वर्षभर काकांच्या घरी वरच्या खोलीत राहायचो. लग्न व्हायचं होतं, अपार्टमेंट मिळत नव्हतं, काका माझ्या मामांच्या ओळखीचे. त्या वेळी त्यांच्या कमरेला चामड्याच्या म्यानात मल्टिटूल असे. सकाळी आधी चष्मा, मग ते. ते त्यांनी दोन वर्षं शोधून निवडलं होतं आणि त्याचं एक पातं स्वतः घासून बदलून घेतलं होतं. ते म्यान त्यांच्या अंगाचाच भाग होतं.

२००१ च्या त्या सप्टेंबरनंतरचा हिवाळा. सांगलीहून त्यांच्या भावाचा फोन आला की आईचं काही खरं नाही, लगेच निघ. दुपारचं तिकीट मिळालं. मी त्यांना विमानतळावर सोडलं. पूर्वी सोडणारा माणूस गेटपर्यंत जाऊन हात हलवून यायचा. त्या सप्टेंबरनंतर ते बंद झालं होतं. दारातच बॅग उतरवायची आणि निघायचं. काका उतरले, कोट सारखा केला. कोटाखाली म्यान होतं. मला ते दिसलं का? दिसलं असणारच. पण चष्मा लावणाऱ्या माणसाचा चष्मा आपल्याला जसा दिसत नाही, तसं ते मला दिसलं नाही. त्यांनाही नाही.

मी २७५ हायवेवर लागलो आणि फोन वाजला. स्क्रीनवर काका. काकांची सवय होती, घरातून निघाले की तीन फोन. हीटिंगच्या फर्नेसचं बघ, मागचं दार ओढून बघ, ते कमी जोरात लावलं की लागत नाही. मला वाटलं, तेच. मी उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा उचलला नाही. मी गाडी चालवत होतो, हे कारण मी स्वतःला नंतर दिलं. त्या क्षणी कारण एवढंच होतं की मला कंटाळा आला होता.

घरी आल्यावर मेसेज ऐकला. "अरे, कमरेचं राहिलंय. हे सिक्युरिटीवाले म्हणतात, बाहेर कुणाकडे देता आलं तर द्या. परत येतोस का दाराशी? मी थांबतो." आवाज अगदी शांत. दुसऱ्या मेसेजमध्ये नुसता गर्दीचा आवाज आणि मध्येच काका कुणाला तरी इंग्रजीत सांगत होते, "वन मिनिट, ही इज कमिंग."

मी फोन लावला. बंद होता.

पुढचं काकूंकडून कळलं. मी येईना, तेव्हा सुरक्षावाल्यांनी शेजारच्या पिंपाकडे बोट दाखवलं. टाका आणि जा. तिथे काकांनी काकांसारखंच केलं. त्यांनी त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली. हे शस्त्र नाही, अवजार आहे, याचं पातं अमुक कामाचं आहे, आणि हे बघा, ही अशी उघडते पक्कड. त्या दिवसांत, त्या रांगेत, आमच्यासारख्या रंगाच्या माणसाने म्यानातून काढून उघडून दाखवलं. त्यांना बाजूला नेलं. प्रश्न विचारले, सभ्यपणेच विचारले असं काका म्हणाले. सोडलं तेव्हा विमान गेलेलं होतं. रात्र विमानतळावरच काढून दुसऱ्या दिवसाच्या विमानाने काका पोचले. घरचे थांबता येईल तेवढे थांबले होते. अग्नी धाकट्या भावाने दिला होता. आदल्या दिवशीच्या विमानाने गेले असते तर आई भेटली असती. ती शेवटपर्यंत शुद्धीवर होती, विचारत होती.

हे सगळं सांगितलं त्या रात्री जेवताना काकू मला म्हणाल्या, "ह्यांनी तुला फोन नव्हता का रे केला?"

मी म्हणालो, "नाही."

मेसेज मी तोवर पुसले होते. फोन न उचलणं एक वेळ कुणाच्याही हातून होईल. ते "नाही" मात्र मी घास गिळून, काकूंकडे बघून म्हणालो होतो.

काका पंधरवड्याने परत आले ते विळी घेऊन. आईची. चेक-इनच्या बॅगेत, धोतरात गुंडाळून. फूटभर उघडं पातं दोन समुद्र ओलांडून आलं, कुणी काही विचारलं नाही. कमरेचं म्यान गेलं ते गेलंच. पुढच्या उन्हाळ्यात ते लेकवर गेले आणि गोटे घेऊन आले.

मला ते काही म्हणाले नाहीत. फोनचा विषयच काढला नाही. पूर्वीसारखंच "जेवलास का", पूर्वीसारखंच "दार ओढून घे". मेसेज मला मिळालाच नाही, असं त्यांना वाटत होतं का? की मिळाला हे माहीत होतं आणि काकूंना काय सांगितलं तेही माहीत होतं? मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायचो. दारांवर काम करणारा माणूस. कुठलं लागलंय आणि कुठलं नुसतं लोटलंय हे त्याला आवाजावरून कळतं, एवढं मला ठाऊक होतं.

माझं लग्न झालं, आम्ही वेगळं घर घेतलं. दोनेक वर्षांनी ऑफिसच्या लोकांबरोबर मिशिगनच्या उत्तर टोकाला, अप्पर पेनिन्सुलाला कॅम्पिंगला जायचं ठरलं आणि मी काकांना म्हणालो, "काका, मलाही एक निवडून द्या."

खरं सांगायचं तर मला मल्टिटूल नको होतं. मला बघायचं होतं, ते मला देतात का.

त्यांनी डब्यात हात घातला. बाकीच्यांना न बघता काढून देत, माझ्या वेळी जरा जास्तच चाचपलं, असं मला वाटलं. गोटा हातावर ठेवला.

मी तो प्रामाणिकपणे बाळगला. मीटिंगमध्ये, सिनेमाला, देवळात. वॉशिंग मशीनमध्ये एकदा तो असा धडाडला की बायको वरून ओरडत आली. "काय टाकलंस मशीनमध्ये?"

"काकांचा दगड."

"तू दगड घेऊन ऑफिसला जातोयस? सीरियसली? लोकांचे नवरे जिमला जातात."

आठवड्याने अस्तर दाखवलं. पोक होता. बर्फाच्या पाण्यात हात घातले. एक उघडलं नाही, दोन उघडली. मग काकांनी तिसरा प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांनाच विचारत आणि ज्यावर सगळे अडकत.

"हे हरवलं तर किती वाईट वाटेल?"

मी समोरच्या दोनांतल्या देखण्याकडे बघितलं. त्याची मूठ लाकडाची होती. "हे हरवलं तर खूप."

"मग ते नाही. दुसरं?"

दुसरं साधं, करडं, पक्कड, पातं, कात्री आणि दोन स्क्रू ड्रायव्हर. "एवढं नाही वाटणार."

"मग हे तुझं."

"पण काका, चांगलं आहे ते आवडायला नको का?"

"आवडू दे की. पण टाकायची वेळ आली तर हात थांबता कामा नये. हत्यार कामाला असतं. आपण त्याच्या कामाला लागलो की संपलं." ते माझ्याकडे बघत नव्हते. कापडाखालच्या विळीकडेही नाही. भिंतीकडे बघत होते.

धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं. माझी आई कात्रीसुद्धा जमिनीवर ठेवायची, मग मी उचलायचो. काकाही गोटा हातात द्यायचे, मल्टिटूल मात्र टेबलावर ठेवायचे. माझं त्यांनी टेबलाच्या माझ्या बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "उचल. तुझ्याशी भांडण नको मला."

मी उचललं. बोटं बर्फाने अजून बधिर होती, त्यामुळे काहीच कळलं नाही. घरी जाताना कळायला लागलं आणि मी गाडी बाजूला घेतली.

नंतर मी ऑफिसमधल्या एका नागपूरच्या मित्राला सहज विचारलं. त्यालाही काकांनीच निवडून दिलं होतं. "तुला देताना काय म्हणाले रे?"

"काय म्हणणार? उचल म्हणाले."

"अजून काही?"

"अजून काय म्हणतील यार, मंत्र थोडीच म्हणणार!"

एवढं मला पुरायला हवं होतं. पुरलं नाही. ज्याला क्षमा म्हणायची ती न मागता मिळाली की खिशात तशीच राहते आणि जिथेतिथे टोचते.

२००८ च्या वसंतात अकोल्याहून माझ्या बहिणीचा फोन आला. बाबांना अॅटॅक आला होता. बाबा मला भेटले, पुढे बरेच दिवस बोलले, उन्हाळा काढला, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या दुपारी मला ते माहीत नव्हतं. बायको मुलीला घेऊन घरी थांबली. काका गाडी घेऊन दारात.

विमानतळावर बॅग उतरवली, माझ्या पाठीवर हात ठेवला. "जा. मी आहे."

सुरक्षा तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे दहा-बारा माणसं होती, पुढची बूट काढून ट्रेमध्ये ठेवत होती. मी जॅकेटच्या आतल्या खिशात पासपोर्टसाठी हात घातला आणि बोटांना गार लोखंड लागलं. जे त्यांनीच निवडून दिलं होतं, ज्याची मला इतक्या वर्षांत जाणीवही उरली नव्हती, ते. बाजूला पिंप होतं. त्यात नेलकटर, लायटर, कुणाची तरी छोटी कात्री.

मी टाकू शकत होतो. त्यासाठीच तर ते निवडलेलं होतं. पण मी फोन लावला. टाकू की नको हे विचारायचं नव्हतं. तो उचलला जातो का, हे मला बघायचं होतं.

पहिली रिंग पुरी झाली नाही. "बोल."

"काका, खिशात राहिलंय."

"रांग पुढे आहे की मागे?"

"दोन्हीकडे."

"बाबा शुद्धीवर आहेत?"

"सकाळपर्यंत होते."

"मग टाक. त्यांना काही समजावून सांगू नकोस. उघडून दाखवू नकोस. टाक आणि पुढे हो."

"काका." रांग एका माणसाने सरकली. मागची बाई माझ्याकडे बघत होती. "काका, तेव्हा तुमचा फोन आला होता. मला मेसेज मिळाला होता. मी काकूंना नाही म्हणून—"

"पुढे सरक. रांग अडवू नकोस."

मी सरकलो. मल्टिटूल पिंपात टाकलं. ते कुणाच्या तरी नेलकटरवर पडलं आणि लहानसा आवाज झाला. तो त्यांनाही ऐकू गेला असावा.

"टाकलंस?"

"टाकलं."

"काही वाटलं?"

"त्याचं नाही वाटलं."

"बरं," काका म्हणाले. फोनमध्ये पलीकडे, पार्किंगमध्ये कुठेतरी गाडीचं दार लागलं, नीट, पूर्ण. "आता बूट काढ."